पाण्याची तुटक रेघ

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आयटीआयचं सर्टिफिकेट, दोन पासपोर्ट फोटो आणि माझ्या हातची तीन ड्रॉइंगं असं बाड छातीशी धरून गेले होते. त्यातलं काहीही उघडून बघायची तसदी न घेता काकांनी मला विचारलं, "तुज्या घरातलं पानी कुठं जातं?"

मी म्हटलं, "सकाळी साडेपाचला येतं. सार्वजनिक नळ आहे."

"येतं कवा ते नाय विचारलं. जातं कुठं?"

"मोरीत."

"आनी मोरीतून?"

"गटारात."

"गटारातून?"

यापुढे माझं ज्ञान संपलं. आयटीआयच्या दोन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपराला आला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "आज घरी जा. उद्या उत्तर आन, मग स्टुलावर बस."

वाशीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते हेड ड्राफ्ट्समन होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. नवी मुंबईत जिकडे पाहावं तिकडे मुरूम पसरलेला, आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात शाळा, सोसायट्या, गोडाउनं आधी कागदावर उभी राहायची. साहेब म्हणजे मालक. त्यांच्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे यांना काका म्हणायचे. पन्नाशीला टेकलेले, उंच, काळेसावळे, आणि हाताची बोटं इतकी जाड की त्यांतून केसाएवढी बारीक रेघ निघते यावर नवख्याचा विश्वास बसत नसे. खाडीकाठच्या एका आगरी गावचे. गावची भातशेती नव्या शहरासाठी गेली, आणि गाव चार सेक्टरांच्या मधोमध खोलगट भांड्यात राहिल्यासारखं राहिलं.

मी दिघ्याला राहायचे. माझे आईवडील मराठवाड्यातून आलेले, बाबा कारखान्यांच्या पट्टीतल्या एका कंपनीत कामाला. संध्याकाळी मी रडवेली होऊन सगळं सांगितल्यावर आई म्हणाली, "असल्या येड्याकडं नोकरी नको." बाबा मात्र चपला घालून उठले. आम्ही दोघं आमच्या मोरीतल्या पाण्यामागे चालत निघालो. उताराच्या गटारातून ते नाल्यात पडत होतं, नाला रस्त्याखालून पलीकडे जात होता, कंपन्यांच्या मागून वळसा घेऊन खाडीकडे. कंपन्यांपाशी पाण्याचा रंग बदलला तेव्हा बाबा थांबले आणि म्हणाले, "गावाकडं आपल्याला ह्ये शोधायला लागत नव्हतं. समद्या गावाची मोरी आपल्याच वस्तीतून खाली जायाची."

दुसऱ्या दिवशी मी हे वाक्यही काकांना सांगितलं. ते स्टूल पुढे सरकवत म्हणाले, "तुजा बाप ड्राफ्समन हाय." माझी नेमणूक झाली ती अशी, वडिलांच्या जोरावर.

काकांच्या सवयींवर आम्ही त्यांच्या पाठीमागे पुष्कळ हसायचो. ते दाढीचं ब्लेड उभं मोडून त्याचे दोन तुकडे करायचे आणि तपकिरीच्या डबीत ठेवायचे. ट्रेसिंगवरची शाईची रेघ चुकली तर तेव्हा ती रबराने जायची नाही, अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागायची. एकेक तुकडा ते महिनोन्‌महिने वापरत. पेन्सिल बोटात मावेनाशी झाली की तिला बांबूच्या नळीत खोचायची. रद्द झालेल्या नकाशांच्या अमोनिया प्रिंटच्या पाठीवर कच्चं काम करायचं, आणि त्याही पाठी संपल्या की त्याच्या पुड्या करून घरी न्यायच्या. त्यांची बायको त्यात सुकी मासळी बांधून द्यायची. एकदा एका बिल्डरच्या हातात बोंबलाची पुडी गेली आणि उलगडल्यावर त्याच्याच इमारतीचा जिना निघाला. साहेबांनी डोक्याला हात लावला. काका म्हणाले, "जिना रद्दच हाय त्यो. बोंबील चालू हायेत."

माणूस कंजूष म्हणावा, तर शाईच्या बाबतीत अगदी उधळा. प्लॉटचा नकाशा काढायला घेतला की त्यात जे असेल नसेल ते काढायचे. विहीर, चिंच, म्हशी बसायचं डबकं, जुना बांध, आणि आता मुरुमाखाली गेलेले पण पूर्वी होते ते ओहोळसुद्धा, तुटक रेघेने. मग प्रिंट निघाल्यावर त्या तुटक रेघा निळ्या पेन्सिलीने भरायच्या. साहेब वैतागायचे. "काका, हा नकाशा आहे, चित्र नाही. जे दिसत नाही ते कशाला दाखवता?"

"दिसत न्हाय म्हनून तर दाखवायचं," काका म्हणायचे. "दिसतंय त्ये कोनीबी बघंल." आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य यायचंच, "पान्याला वाट दावायला लागत न्हाय साहेब, वाट ठिवायला लागते."

आणखी एक खूळ म्हणजे तिथी. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर लटकवलेलं, आणि साईटवर जायचं ठरलं की काका आधी तिथी बघायचे. पौर्णिमा-अवसेला खाडीकडच्या प्लॉटवर दुपारी जायचं नाही. अष्टमीला जावं. मुंबईहून येणाऱ्या क्लायंटांना वाटायचं, माणूस भलताच सोवळा आहे. एका गृहस्थांनी तर दिवाळीला त्यांना पोथी भेट दिली. काकांचा देवाशी संबंध गावच्या जत्रेपुरता, आणि तोही जेवणापुरता. त्यांना तिथी लागायची ती भरतीसाठी. शाळेत पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, ते पुटपुटायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, असा त्यांच्या गावचा हिशोब. आठ पाऊणे सहा, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तेही पाणी बेताचं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकराला पाणी जोर धरणार, बाराला तुडुंब. मी घड्याळ लावून दोनदा पडताळून पाहिलं. पाणी दहा मिनिटांच्या आत हजर.

पाण्यावर जेवढी माया तेवढाच थर्माकोलवर राग. साहेबांच्या मुलीला शाळेत 'पर्यावरण वाचवा' असा प्रकल्प होता. ती पोर थर्माकोलची पृथ्वी करून घेऊन ऑफिसात आली. भोवती हिरव्या रंगाची झाडं, वर घोषणा. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी ती हातात घेऊन, फिरवून, तिला विचारलं, "मार्क मिलाल्यावर ह्या पृथ्वीचं काय करनार?"

"फेकून देणार," ती म्हणाली.

काका हसले नाहीत. मला म्हणाले, "कापड झिजतं, लाकूड कुजतं, मानूस तर लगीच कुजतो. ह्ये न्हाय कुजत." त्या दिवसापासून ऑफिसात थर्माकोलचं मॉडेल करायची वेळ आली की काका शिवणार नाहीत, ते काम माझं, असं ठरून गेलं.

आता मी त्या शाळेबद्दल लिहिते. इतकी वर्षं लिहायचं टाळत होते.

ऐरोलीला, खाडीच्या अंगाला, एका शिक्षण संस्थेला शाळेसाठी प्लॉट मिळाला होता. मुख्याध्यापिका बाई संस्थेच्या कामासाठी स्वतः यायच्या. ताठ, खणखणीत आवाजाच्या, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या. गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध भाषणं केलेल्या. मला त्या फार आवडायच्या. काकांनी नकाशा काढला आणि त्यात नेहमीप्रमाणे प्लॉटच्या एका कोपऱ्यातून तिरकी आत येऊन दुसरीकडे बाहेर जाणारी तुटक रेघ काढली. जुना ओहोळ. डोंगराकडचं पाणी त्यातून खाडीला जायचं आणि उधाणाला खाडीचं पाणी त्यातूनच वर यायचं. भराव घालताना तो बुजवला होता. काकांचं म्हणणं, तो उकरून मोकळा ठेवावा आणि इमारत पलीकडे सरकवावी.

इमारत सरकवली की मैदान कमी पडत होतं. मैदान कमी पडलं की मंजुरी अडणार होती. मंजुरीच्या फॉर्मात मैदानाचा रकाना होता, बागेचा होता, स्कूटर लावायच्या जागेचासुद्धा होता. पाण्याच्या वाटेचा नव्हता. साहेब काकांना म्हणाले, "रेघ काढून टाका." काका म्हणाले, "माज्या हातानं न्हाय."

दुसऱ्या दिवशी काका साईटवर गेलेले असताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. पगार एक तारखेला द्यायचा, आणि आवाज कधी चढवायचा नाही. ते म्हणाले, "बघ, पुढच्या जूनला शाळा सुरू व्हायची आहे. एका रेघेसाठी पोरांचं वर्ष अडवायचं का? तुझा हात चांगला आहे. जपून खरवडून टाक."

त्या महिन्यात बाबांच्या कंपनीला टाळं लागलं होतं. घरात माझा एकटीचा पगार. हे मी पुढे कित्येक दिवस स्वतःला कारण म्हणून सांगत राहिले, आणि ते खोटंही नाही. पण खरी लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मला ती रेघ काकांचं खूळ वाटलं होतं. चिंच, म्हशींचं डबकं, तशीच ती एक. मी तपकिरीच्या डबीतून त्यांचंच अर्धं ब्लेड घेतलं आणि त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीने, शाई निघेल पण कागद फाटणार नाही अशा बेताने, खरवडून काढली. वरून नखाने घासून जागा गुळगुळीत केली. तुकडा परत डबीत ठेवला. संध्याकाळी प्रिंट मंजुरीला गेल्या.

काकांना कळायला महिना लागला. ट्रेसिंग कपाटातून काढून त्यांनी खिडकीशी उजेडात धरलं. खरवडलेली जागा उजेडात धुरकट दिसते. ते ट्रेसिंग घेऊनच माझ्या टेबलाशी आले.

"तूच ना?"

मी मान हलवली.

"चांगलं खरवडलंस," ते म्हणाले. "कागुद न्हाय फाटला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. काकांनी स्टूल ओढलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. ते काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"आमच्या गावची मोजनी जाली तवा मी पोरगा होतो, तुज्याच वयाचा. नवीन ट्रेसिंग शिकलेलो. मोजनीवाले बोल्ले, गावचाच पोर हाय, त्यालाच दाखवू दे काय काय हाय त्ये. मी सगलं दाखवलं. देऊल, विहीर, कोनाचं घर कुठं. बांधावर उघाडी होती. उघाडी म्हायती हाय? बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला उघडायची, शेतातलं पावसाचं पानी खाडीत जायाचं. भरतीला लावायची, खारं पानी आत येत नसं. माजा आजा ती उघाडी राखायचा. मी ती दाखवली न्हाय."

"का?"

"दाखवायची कशाला? पोराटोरांना म्हायती होती. आभाल कोन नकाशात काढतं का? तसं." ते म्हणाले. "मग नकाशा वर गेला. तितल्या मानसाला काय म्हायती? कागदावर न्हाय म्हंजे न्हाय. भराव आला, उघाडी गाडली. आता अवस-पुनवेला पाऊस असला का गावातलं पानी बाहेर जात न्हाय. माज्या आयशीनं मरंस्तवर दर पावसात चूल ओट्यावर मांडली. कदी बोल्ली न्हाय मला. पन चूल मांडताना माज्याकडं बघायची."

चिंच, डबकं, विहीर, सगळ्याचा मला त्या क्षणी उलगडा झाला. गावच्या पोराला जे सांगायची गरज वाटली नाही ते हा माणूस पंचवीस वर्षं परक्यांना सांगत बसला होता.

मी उठून साहेबांकडे गेले आणि रेघ परत घालू या म्हणाले. साहेब म्हणाले, "मंजुरी मिळाली. आता काही होणार नाही." काका दारात उभे होते. ते वळून आपल्या टेबलाशी गेले.

इमारत झपाट्याने उभी राहिली. उद्घाटनाच्या आधी बाईंनी शाळेचं मॉडेल मागितलं, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवायला. थर्माकोल म्हणजे माझं काम. मी साहित्य काढून बसले तर काका म्हणाले, "ह्ये मी करतो." मी बघतच राहिले. आठ दिवस खपून त्यांनी ते केलं. खिडक्यांना जाळ्या, व्हरांड्याला खांब, मैदानात भुशाची हिरवळ. आणि मैदानातून तिरकी जाणारी निळ्या जिलेटिन कागदाची पट्टी.

साहेबांनी ती पाहिली. त्यांना वाद नको होता. "मॉडेल कोण तपासतंय," म्हणाले, आणि जाऊ दिलं. बाईंना तर ती पट्टी फारच आवडली.

"अगबाई, ओढा! किती सुंदर! खरंच बांधणार आहात का?"

"बांदायला लागत न्हाय बाई," काका म्हणाले. "त्यो येतो."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, काका विनोदी आहेत.

शाळा सुरू झाली. पहिला पावसाळा कोरडाच गेल्यासारखा गेला, आणि साहेब मला एकदा म्हणालेसुद्धा, "बघ." दुसऱ्या वर्षी आषाढ अवसेच्या आदल्या दिवशी काकांनी रजेचा अर्ज दिला. मी नोकरीला लागल्यापासून त्यांनी रजा घेतलेली कुणी पाहिली नव्हती. आम्हाला वाटलं, घरी काही कार्य असेल.

पुढचं मला शाळेच्या शिपायाने सांगितलं, आणि नंतर बाईंनी स्वतः. तीन दिवस पाऊस होताच. अवसेच्या सकाळी काका शाळेत जाऊन बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज बालवाडी भरवू नका. अवस हाय."

बाईंचा चेहरा काय झाला असेल ते मी समजू शकते. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध भाषणं केली ती गोष्ट छत्री घेऊन केबिनमध्ये आलेली. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते. ही शाळा आहे. इथे अमावास्या बघून सुट्टी मिळत नाही. आम्ही मुलांना हेच शिकवतो की तिथीला घाबरायचं नसतं."

काकांनी त्यांना पाऊणकी सांगायचा प्रयत्न केला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याने तर मामला आणखीच बिघडला. बाईंना तो आकड्यांचा तोडगा वाटला. त्यांनी शिपायाला हाक मारली. काका बाहेर आले, पण घरी गेले नाहीत. बालवाडीच्या वर्गासमोर व्हरांड्यात छत्री टेकून बसून राहिले.

साडेअकराला मैदानाच्या कोपऱ्यात जमिनीतून पाणी वर यायला लागलं. डोंगराकडून पाणी आलेलं, आणि त्याला बाहेर घेणारी खाडी भरतीने तोंड बंद करून बसलेली. बघता बघता बालवाडीत घोट्याएवढं पाणी, मग पोटरीएवढं. चार-चार वर्षांची पोरं. काकांनी दोन काखांत दोन पोरं मारली आणि जिन्याकडे निघाले. शिपाई धावला, बाई धावल्या, वरच्या वर्गातली मोठी मुलं आली. सगळी पोरं वर गेल्यावर काकांनी ती मोजली. मग हजेरीपट मागून पुन्हा मोजली. कुणाला काही झालं नाही. पाणी दोन तासांनी उतरलं, कारण तेव्हा ओहोटी लागली होती.

तिसऱ्या दिवशी बाई आमच्या ऑफिसात आल्या. रिक्षातून, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं मॉडेल घेऊन. ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी शाळेचा मंजूर नकाशा उलगडला.

"पाणी आलं ते इथून," त्यांनी निळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "बरोबर इथून. ह्या खेळण्यात हे आहे आणि ह्या नकाशात नाही. नकाशा कोणी काढला?"

नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, काढणाऱ्याच्या नावासमोर, काकांची आद्याक्षरं होती. मी रेघ खरवडली होती, अक्षरं नाही. हे मला तोवर सुचलंसुद्धा नव्हतं. दोन वर्षं तो नकाशा त्यांच्या नावावर फिरत होता.

काकांनी चष्मा लावून चौकट पाहिली. म्हणाले, "अक्षरं माजी हायेत."

एवढंच म्हणून त्यांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. साहेब खिडकीकडे बघत होते. बाबा अजून कामाविना घरीच होते. मला आठवतं, मी मनात काहीही विचार करत नव्हते. मोठ्या धैर्याने वगैरे बोलले असं मुळीच नाही. फक्त तो माणूस पुन्हा एकदा कागदावर नसलेल्या रेघेचा दोष घेऊन उभा होता, आणि ते मला बघवेना.

"बाई, रेघ होती. मी खरवडली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब खिडकीकडून वळले आणि म्हणाले, "मी सांगितलं म्हणून. तिचा दोष नाही." साहेबांविषयी पुढे लोक काहीबाही बोलले तेव्हा मी त्यांचं हे वाक्य प्रत्येक वेळी सांगितलं.

बाई खुर्चीत बसल्या. मग काकांना म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही अवसेला घाबरता."

"घाबरतोच की," काका म्हणाले.

ओहोळ उकरायचं ठरलं. त्यासाठी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायला मी आणि काका तीन वेळा हेलपाटे घालून आलो. खिडकीवरचा कारकून विचारायचा, "हे कुठल्या रकान्यात दाखवू? मैदान नाही, बाग नाही, गटार म्हणावं तर गटार नाही." शेवटी त्याने कंटाळून ओहोळ 'इतर' या रकान्यात टाकला. काका बाहेर येऊन म्हणाले, "इतर तर इतर. कागदावर आला ना?" इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही रस्त्यावर उभं राहून उसाचा रस प्यायलो.

मैदान लहान झालं. मुलांनी कुरकुर केली, पालकांनी त्याहून जास्त केली. बाई बधल्या नाहीत. त्यांनी ओहोळाच्या काठाला चुन्याच्या खुणा केलेला बांबू पुरला आणि सहावीच्या वर्गाला पाऊणकी पाठ करायला लावली. तिथीला न घाबरता तिथी वापरायची, असं त्या आता शिकवायच्या.

कार्तिकी पौर्णिमेला त्यांनी आम्हाला बोलावलं. ऊन स्वच्छ होतं. काठावर पोरं रांगेने बसलेली, फळ्यावर वेळ लिहिलेली. सव्वाअकरा झाले आणि ओहोळाच्या तोंडाशी पाणी दिसलं. सावकाश, फेसाची बारीक कड पुढे ढकलत ते वाकणावाकणाने आत आलं, वर्गांकडे ढुंकूनही न बघता आपल्या वाटेने पुढे गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी काकांकडे पाहिलं. आज्याच्या उघाडीवर बसलेला पोरगा कसा दिसत असेल ते मला तेव्हा दिसलं.

फार दिवस मनात होतं ते मी विचारलं. "काका, तुम्हाला थर्माकोलचा एवढा राग. मग ते मॉडेल तुम्ही का केलंत?"

"कागुद खरवडता येतो बाय," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "म्हटलं, जे कुजत न्हाय त्याच्यात ठिवून देतो. आपन मेल्यावर तरी कोन तरी बघंल, इतं पानी होतं."

पाणी बांबूच्या दुसऱ्या खुणेला लागलं. पोरं ओरडून आकडा सांगत होती.

"मानसांवर भरवसा नव्हता मला," काका म्हणाले. "तुज्यावर तर न्हायच." मग माझ्या डोक्यावर त्यांचा तो जाड बोटांचा हात ठेवून म्हणाले, "तितं मी चुकलो."